आत्या येईपर्यंत

पूर्वी जिथे धुतलेल्या चादरींच्या थप्प्या असत, त्या खोलीत आता धाकटी बसते. खोलीला खिडकी नाही. दार फुगून चौकटीत घट्ट बसलेलं आणि आतली मूठ निखळलेली, त्यामुळे बाहेर यायचं असलं की भिंतीवर तीनदा थाप मारायची आणि कुणाचा तरी खांदा बाहेरून दाराला लागेपर्यंत थांबायचं. ऑपरेशन थिएटरच्या मागचा बोळ तो. कधी पटकन कुणी येतं, कधी अर्धा तास येत नाही.

विभागात सर्जन तीन. मोठे सर, मधले सर आणि ही. तिला सगळे धाकटीच म्हणतात. वय छत्तीस, केस कानशिलापाशी पांढरे व्हायला लागलेले, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून ती धाकटी ती धाकटीच राहिली.

दोन वर्षं ती एकच लेख लिहीत होती. सासूबाई म्हणायच्या, एवढ्यात दोन पोरं झाली असती, आणि एक तर रांगायला लागलं असतं.

लेखातली गोष्ट तशी साधी होती. पित्ताशय कधी कधी यकृताला असं चिकटून बसतं की सोडवून काढल्यावर मागे कच्ची, ओलसर जागा उरते. त्या जागेतून रक्त पाझरत राहतं. कापलेल्या नळीसारखं ते उसळत नाही, रुसलेल्या डोळ्यासारखं नुसतं झिरपतं. इतर ठिकाणी त्यावर रक्त गोठवणारी महागडी भुकटी टाकतात. मोठे सर टाकत नाहीत. गॉजची घडी ठेवायची, वर हात ठेवायचा आणि पाच मिनिटं दाबून धरायचं. एकशे चौसष्ट रुग्ण असे झाले, आणि रक्तासाठी पोट पुन्हा उघडावं लागलं ते फक्त एकाचं. सरांची पाच मिनिटांची पद्धत. निवृत्तीपूर्वी ती एका नावाजलेल्या सर्जरीच्या नियतकालिकात छापून यावी ही सरांची इच्छा होती. धाकटीची गरज मात्र इच्छेपलीकडची होती. तिची नेमणूक या महिनाअखेर संपत होती. कायम व्हायचं तर पहिलं नाव तिचं असलेला एक लेख नियतकालिकाने दाखल करून घेतल्याचा क्रमांक समितीपुढे ठेवावा लागणार होता. क्रमांक नाही तर खुर्ची नाही.

लेख दोनदा परत आला होता. पहिल्यांदा संदर्भांचा क्रम चुकला म्हणून. दुसऱ्यांदा सारांश दोनशे त्रेसष्ट शब्दांचा झाला म्हणून. अडीचशेच्या वर चालत नाहीत. ते तेरा शब्द कापायला तिला दोन दिवस लागले. पित्ताशय कापायला पाऊण तास लागतो.

तिसऱ्यांदा, सोमवारी, संपादकांच्या कार्यालयातून एवढंच विचारणं आलं: तक्त्यात दाबाच्या वेळेची सरासरी दिली आहे, तिच्यातला चढउतार दिलेला नाही. तेवढा भरून पाठवा. महिना संपायला आठ दिवस होते.

चढउतार काढायचं काम नवऱ्याचं. तो शाळेत गणित शिकवतो. घरात त्याला मास्तरच म्हणतात. जेवणाची भांडी बाजूला सारून त्याने तिचा तक्ता उघडला, बोट खाली खाली नेलं आणि हसायला लागला.

"पाच अधिक-उणे शून्य," तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. मग त्याने समजावून सांगितलं. वर्गातल्या चाळीस पोरांना बाक मोजायला दिला आणि चाळिसांचंही उत्तर केसाच्या अंतराने सारखं आलं, तर त्याला कळतं की एकाने बाक मोजला आणि एकोणचाळिसांनी वही बघितली. माणसाचा हात एकशे चौसष्ट वेळा बरोब्बर पाच मिनिटं दाबत नाही. घड्याळाचा काटासुद्धा एवढा शहाणा नसतो.

"मोजत कोण होतं?" त्याने विचारलं.

"ताई," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

ताई म्हणजे थिएटरच्या जुन्या सिस्टर. एकतीस वर्षं सरांच्या समोर उभ्या राहून त्यांच्या हातात अवजारं ठेवत आल्या. जुन्या थिएटरमधलं घड्याळ सरांच्या पाठीमागे होतं. सर दाबून धरायचे आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारायचे, किती झालं, किती झालं. वैतागून ताई एके दिवशी मास्कच्या आत गाणंच गुणगुणू लागल्या. त्यांच्या आईची अंगाई. संपली की म्हणाल्या, झाली पाच मिनिटं, उचला. मधल्या सरांनी तेव्हा घड्याळ लावून पाहिलं तर खरंच पाच भरली. तेव्हापासून तीच रीत पडली. सर म्हणायचे, "ताई, लावा," आणि ताई गाणं लावायच्या. नवं थिएटर झालं, समोर घड्याळ आलं, तरी गाणं राहिलं. शस्त्रक्रियेच्या नोंदीचा कागद छापून घेतला तेव्हा त्यावर ती ओळही छापूनच घेतली: दाब – पाच मिनिटे. पुढे फक्त बरोबरची खूण करायची. धाकटीने तक्त्यात उतरवलं ते त्या खुणांवरून.

गेल्या वर्षी ताईंच्या गुडघ्यांनी उभं राहायचं नाकारलं, म्हणून त्यांना अवजारं बांधायच्या खोलीत बसवलं. थिएटरमध्ये शिट्टी वाजवणारं घड्याळ आलं. त्यानंतर असे अकरा रुग्ण झाले. अकराही वेळा दाबणारा हात धाकटीचा होता, आणि त्यातल्या दोघांचं पोट त्याच दिवशी पुन्हा उघडावं लागलं. दोघंही वाचले. सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, हिचा हात हलका पडतो. त्यानंतर त्यांनी दबक्या आवाजात सुचवलं होतं की लेख एकशे चौसष्टवरच थांबवू या, आकडे देखणे आहेत, तिथेच गाठ मार.

तिने गाठ मारली होती. आणि तेव्हापासून ती आपल्या उजव्या हाताकडे, सासरच्यांनी नाकारलेल्या सुनेकडे बघावं तशी बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताईंच्या खोलीत गेली. वाफेच्या यंत्रामुळे तिथे बाराही महिने दमट असतं. ताई उंच स्टुलावर बसून कात्र्या पुसत होत्या. धाकटीने गाणं म्हणून दाखवा म्हटल्यावर त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. समिती गाण्याची परीक्षा घेते का आता, असं विचारलं. मग म्हणाल्या, रिकाम्या हाताने ते गाणं येत नाही. गॉजची एक घडी घेतली, ओली केली, ट्रेमध्ये ठेवून तिच्यावर तळवा टेकला आणि सुरू केलं. सूर असा की तोंड उघडलेलं दिसू नये.

नीज नीज तान्ह्या, वारा निजला पाण्यात,
मामा तुझा वाटेत, येतो आहे.

नीज नीज तान्ह्या, पान निजलं फांदीला,
मामी आली संगतीला, मामाच्या गं.

नीज नीज तान्ह्या, ज्योत निजली वातीत,
आत्या आली, ओटीत झबलं तुझं.

दोन ओव्यांच्या मधे नुसता हुंकार, पाळण्याच्या झोक्याएवढा लांब. सात ओव्या झाल्या. धाकटीने फोनवरचं घड्याळ थांबवलं. पाच मिनिटं आणि आठ सेकंद. छातीवरचा दगड उतरावा तसा तिने श्वास सोडला. आठ सेकंदांनी कुणाचं काय बिघडतं.

"हे साधं झालं," ताई म्हणाल्या. "पांढरं असलं की एवढंच. लाल असलं की मग पुढचं."

"पुढचं काय?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू सांगितलं. सर दाबायला लागले की त्या घडीच्या कडेला गॉजची एक कोरी पट्टी खोचायच्या. सहाव्या ओवीला ती काढून बघायची. लाल झाली असेल तर दुसरी खोचायची आणि गाणं लांबवायचं. मामाचा मुलगा आणायचा, आत्याची नणंद आणायची. पट्टी कोरी राहिली की आणखी एक ओवी म्हणायची आणि संपवायचं. एका रुग्णाच्या वेळी तर सगळं गणगोत येऊन गेलं, शेवटी आत्याची म्हैससुद्धा आणावी लागली, तेव्हा कुठे पट्टी पांढरी निघाली. सर मधे विचारायचे, झाली का पाच? त्या म्हणायच्या, गाणं संपलं की झाली.

"पण मग ती पाच मिनिटं नव्हती, ताई."

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "अंगाईला मोजमाप असतं का? बाळ निजलं की संपली."

वाफेचं यंत्र फुत्कारलं. धाकटी ट्रेमधल्या ओल्या घडीकडे बघत राहिली. तिचा हात हलका नव्हता. तिला पाच मिनिटं सांगितली गेली होती आणि ती तिने इमानाने पाळली होती, पण ती पाच मिनिटं मुळात कधी नव्हतीच. हात सुटला, आणि त्याच क्षणी लेख अडकला. पाच लिहून पाठवावं, तर दूर कुठल्या तरी थिएटरमध्ये, हिचा लेख वाचून, कुणी तरी शिट्टी वाजल्याबरोबर हात उचलेल. न पाठवावं, तर पुढच्या महिन्यात ही इथे नसेल. चादरींच्या खोलीत परतल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि कितीतरी वेळ काहीच टंकलं नाही. नियतकालिकाच्या संकेतस्थळाच्या पानावर चौकोन उघडाच होता: दाबाचा कालावधी, मिनिटांत. चौकोनात फक्त आकडे मावत होते. वीस मिनिटं हात लावला नाही की ते पान आपोआप मिटायचं, मग परत पासवर्ड टाकून आत. तीनदा मिटलं, तीनदा ती आत गेली.

मार्ग मास्तरांनी दाखवला, तोही चुकून. तो म्हणाला, ताईंशिवाय त्या खोलीत वेळ बघणारं दुसरं कुणीच नव्हतं का? होतं. भूल देणारे डॉक्टर. ते दर पाच मिनिटांनी रक्तदाब लिहितात, आणि गॉज ठेवलं, गॉज काढलं, की त्यांच्या लांबट तक्त्यावर एक बाण वर, एक बाण खाली काढतात. त्या बाणांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

तीन दिवस ती आणि मास्तर नोंदींच्या तळघरात बसले. एकशे चौसष्ट आणि नंतरचे अकरा असे सगळे गठ्ठे सोडले आणि बांधले. धुळीने मास्तरांना शिंका सुटल्या. प्रत्येक शिंकेला तो अधिक-उणे म्हणायचा. सहा. नऊ. पाच. चौदा. एका जागी सतरा. ती म्हैस असणार. मधला आकडा आठ आला. आणि नंतरच्या अकरांचे बाण असे नेटके, पट्टीने आखल्यासारखे: पाच, पाच, पाच.

तिने लेख पुन्हा लिहिला. नाव बदललं. पद्धतीच्या भागात लिहिलं की दाब घड्याळाने थांबवलेला नाही. समोर उभ्या असलेल्या सिस्टरने कडेला खोचलेली कोरी पट्टी कोरी निघेपर्यंत तो चालू ठेवला, आणि त्याला पाच ते सतरा मिनिटं लागली. ते अकराही लिहिले. त्यातले दोघंही लिहिले, आणि दाबणारा हात कुणाचा होता तेही. लेखकांत पहिलं नाव तिचं, दुसरं ताईंचं, शेवटचं सरांचं. सारांश दोनशे एकोणपन्नास शब्दांत बसला.

शनिवारी सरांच्या खोलीत जाऊन तिने छापील प्रत टेबलावर ठेवली. सरांनी दोन पानं वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. यात पाच मिनिटं कुठे गेली असं विचारलं. तिने बाणांचा तक्ता पुढे केला. सर त्याच्याकडे बघेनात.

"तीस वर्षं मी पाच मिनिटं शिकवत आलो."

"तीस वर्षं ताई तुम्हाला सांगत आल्या सर, पाच झाली म्हणून."

खिडकीबाहेर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, ती मागेच येत राहिली.

"हात हलका असला," सर शेवटी म्हणाले, "की माणूस घड्याळात खोट काढतो. ठेव. बघतो."

सरांच्या 'बघतो'ला पाय नसतात हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडे नियतकालिकाची रीत अशी की लेख चढवला की प्रत्येक लेखकाला एक पत्र जातं. पत्रातलं बटण त्याने स्वतः दाबायचं: होय, मी वाचलं, मला मान्य आहे. सगळी बटणं दाबली गेली की क्रमांक मिळतो, तोवर नाही. सरांनी नाही म्हटलं असतं तर तिने भांडण तरी केलं असतं. बघतो म्हटल्यावर करायचं काय?

तिने लेख चढवला. आपलं बटण दाबलं. ताईंना ईमेलचा पत्ताच नव्हता, तो मास्तरांनी त्यांच्या लेकीच्या फोनवर काढून दिला. पदवीच्या यादीत ताईंची पदविका नव्हती, तिथे 'इतर' निवडलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला. आवाज ताणलेला.

"अगं, मी दाबून धरलंय कधीपासूनचं. सोडू का आता?"

तिने सोडा म्हटलं. पानावर उमटलं: तीनपैकी दोन.

रविवारीही दोन. सोमवारीही दोन. महिन्याचा शेवटचा दिवस मंगळवार, आणि समितीचा कारकून संध्याकाळी पाचला खिडकी बंद करणार.

मंगळवारी सकाळी यादीत एक बेकरीवाले होते, मोठ्या पोटाचे. पित्ताशय यकृताला असं भिडलेलं की सरांना ते सोडवायला दीड तास लागला. कच्ची जागा उघडी पडली आणि पाझरायला लागली. सर बाजूला झाले. धाकटीने घडी ठेवली, वर हात ठेवला, आणि डाव्या हाताने कडेला एक कोरी पट्टी खोचली. तिकडे सरांचं लक्ष गेलं. नव्या सिस्टरने घड्याळ लावलं.

पाच मिनिटांनी शिट्टी वाजली.

"हात काढ," सर म्हणाले.

तिने पट्टी ओढली. टोकापर्यंत लाल. तिने दुसरी मागितली.

"नाही सर," ती म्हणाली.

थिएटरमध्ये सरांना नाही म्हणायची रीत नव्हती. नवी सिस्टर पट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. द्यावी की न द्यावी. भूल देणाऱ्यांनी तक्त्यावरून मान वर केली. धाकटीच्या करंगळीत गोळा आला होता आणि तो मनगटाकडे सरकत होता. हात काढता येत नव्हता, हलवता येत नव्हता, कुणाला देता येत नव्हता. मास्कच्या आत तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. सिस्टरने पट्टी दिली. ती खोचली गेली. सर तिच्या मास्ककडे बघत होते.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

तिला क्षणभर उमगलंच नाही.

"मामाचा मुलगा, सर. दुसऱ्यांदा."

"मग आत्याची नणंद आहे अजून."

"आहे."

"दमला असेल हात. मी धरू?"

"नको सर. आता हलवलं तर जागं होईल."

नव्या सिस्टरला वाटलं दोघांनाही वेड लागलं. चौथी पट्टी कोरी निघाली. भूल देणाऱ्यांनी खाली जाणारा बाण काढला. तेरा मिनिटं झाली होती. हातमोजे काढताना सर एवढंच म्हणाले की बेकरीवाल्यांकडे संध्याकाळपर्यंत लक्ष ठेव, आणि निघून गेले. लेखाचा शब्द काढला नाही. तिनेही काढला नाही. मागून घेतलेल्या होकाराला काही अर्थ नसतो, आणि तिच्यात बोलायचं बळही उरलं नव्हतं.

साडेतीन वाजता बेकरीवाल्यांच्या पोटाला लावलेल्या नळीत रक्त नाही ना ते बघून ती चादरींच्या खोलीत आली. दार मागे घट्ट बसलं. तीनपैकी दोन. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्याने ती दर थोड्या वेळाने पान जागं ठेवत होती, मिटू नये म्हणून. चार वाजले. घड्याळाकडे बघवेना तेव्हा तिने पहिल्यापासून सुरू केलं. वारा निजला, पान निजलं, ज्योत निजली. मामा आला, मामी आली, आत्या झबलं ठेवून गेली, नणंद आली, म्हैस येऊन दारात उभी राहिली. तीनपैकी दोन. मग पुढचं नातं तिने आपल्या पदरचं जोडलं, मग आणखी एक.

बोळात पावलं वाजली. तिने भिंतीवर थापही मारली नव्हती, तरी दाराला बाहेरून खांदा लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चौकटीने दार सोडलं.

सर उभे होते, फोन हातभर लांब धरून, चष्मा कपाळावर.

"कुठे दाबायचं ते दाखव," ते म्हणाले. "आणि किती वेळ, तेही सांग."